स्वाइप मोजून सहकार्य वाढत नाही : व्यवस्थापनाला खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापन मंडळ आणि मनुष्यबळ विभाग

विषय : आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात हजर राहण्याच्या आदेशाबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

शुक्रवारी संध्याकाळी, लोक लॅपटॉप मिटायच्या बेतात असताना, तुमचा मेल आला. पुढच्या महिन्यापासून पाचही दिवस ऑफिस, रोज किमान ९ तास आत, आणि दारावरच्या कार्डाच्या स्वाइपची नोंद अप्रेझलला, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाला, जोडणार. कारणं दोन दिली आहेत : एकत्र बसल्याने सहकार्य वाढतं आणि कंपनीची संस्कृती टिकते. शेवटी 'शंका असल्यास आपल्या मॅनेजरशी बोला' अशी ओळ आहे. माझ्या टीमपुरती ती मॅनेजर मीच. सोमवार उजाडायच्या आत मला शंकांचे मेसेज आले आणि त्यातल्या एकाचंही उत्तर तुमच्या मेलमध्ये सापडलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत, कारण या शंका काही एकट्या माझ्या टीमच्या नाहीत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. 'ऑफिस नकोच, आम्हाला कायम घरी बसू द्या' असं सांगायला मी लिहीत नाहीये. मला स्वतःला ऑफिसात जायला आवडतं. माझं म्हणणं एवढंच, की तुम्ही दिलेलं कारण शंभर टक्के खरं धरलं तरी हा आदेश त्या कारणाच्या कामाचा नाही. सहकार्य वाढवायचं तर ज्यांना एकमेकांबरोबर काम करायचंय ती माणसं एकमेकांना भेटायला हवीत. आदेश मात्र माणूस दारातून आत आला का, एवढंच बघतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता ऑफिसचा एक दिवस जवळून बघा. माझ्या टीमची माणसं तीन शहरांतल्या तीन ऑफिसांत विखुरलेली आहेत. ही रचना आमची नाही. जिथे माणसं मिळाली तिथे कंपनीने भरती केली, आणि त्यात गैर काहीच नाही. पण त्यामुळे होतं काय, की 'सहकार्य' करायला आलेला आमचा मुलगा सकाळी आधी ॲपवर बसायची जागा शोधतो, कारण कायमची टेबलं केव्हाच काढून टाकली आहेत. जागा मिळते पलीकडच्या विंगमध्ये, विक्री विभागाच्या मधोमध. तिथे तो कानाला हेडफोन लावतो आणि पहिल्या व्हिडिओ कॉलला बसतो. कॉलवर समोर कोण, तर दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच कुठल्या तरी विभागाच्या गर्दीत तसाच हेडफोन लावून बसलेला टीममधला सहकारी. शेजारचा ग्राहकाशी मोठमोठ्याने बोलतोय म्हणून हा स्वतःला म्यूट करतो, बोलायची वेळ आली की अनम्यूट करायला विसरतो, आणि पहिली पाच मिनिटं 'तुझा आवाज येत नाहीये' यात जातात. संध्याकाळी तो घरी जातो तेव्हा दिवसभरात तो प्रत्यक्ष कोणाशी बोलला? सुरक्षारक्षकाशी, आणि 'ही खुर्ची घेऊ का' असं विचारणाऱ्या एका अनोळखी माणसाशी.

मीटिंग रूमचं तर विचारूच नका. ज्या कॅलेंडरवर भरलेल्या दिसतात त्यातल्या निम्म्या प्रत्यक्षात रिकाम्या असतात, कारण कोणीतरी वर्षभराचं साप्ताहिक बुकिंग करून ठेवलेलं असतं. एका सहकाऱ्याला त्याची पगारवाढ का अडली हे मी जिन्यात उभं राहून सांगितलं आहे. बंद दाराची दुसरी जागाच नव्हती. वरून कोणाची पावलं ऐकू आली की आम्ही दोघंही गप्प व्हायचो, माणूस उतरून गेला की पुन्हा सुरू. हेच बोलणं घरून कॉलवर झालं असतं तर त्याची निदान एवढी शोभा झाली नसती.

जवळ बसण्याचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकातच हे मोजून दाखवलं होतं. दोन इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर वाढत जातं तसं त्यांचं बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे ते जवळजवळ आटतंच. मजला बदलला, विंग बदलली, की एकाच इमारतीत असूनही माणसं परकी होतात. ॲलनचा हा निष्कर्ष तुमच्या आदेशाच्या बाजूचा वाटतो, पण नीट वाचला तर तो ॲपवरून जागा वाटण्याच्या पद्धतीविरुद्ध आहे. आणि मोकळी, भिंती नसलेली जागा म्हणजे आपोआप गप्पा, असंही नाही. हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मोठ्या कंपन्यांनी भिंती पाडून खुली ऑफिसं केली, त्याआधी आणि नंतर कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून बोलणं मोजलं गेलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल आणि मेसेज वाढले. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस हेडफोन लावून स्वतःभोवती भिंत उभी करतो. आमच्या मजल्यावर येऊन दहा मिनिटं उभं राहिलात तरी हे दिसेल, त्याला अभ्यासाचीही गरज नाही.

आता उत्पादकतेकडे येते. मेलमध्ये तो शब्द नाही, पण दोन ओळींच्या मध्ये तोच आहे हे सगळ्यांना कळतं. या विषयावर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा एकेक अभ्यास फेकून मारतात. मी दोन्हीकडचे सांगते.

घरून कामाच्या बाजूने नेहमी सांगितला जातो तो शांघायचा प्रयोग. सीट्रिप नावाच्या प्रवास कंपनीने २०१० च्या शेवटी स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर तो केला. कॉल सेंटरमधल्या ज्यांनी स्वतःहून नाव दिलं आणि ज्यांच्या घरी कामाला वेगळी खोली होती, त्यांच्यातून निवड वाढदिवसावरून झाली : सम तारखेचे आठवड्यातले चार दिवस घरून, विषम तारखेचे ऑफिसात. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातला मोठा भाग मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्याने आला, उरलेला घरच्या शांततेमुळे. राजीनामे निम्म्यावर आले. घरून कामाचे समर्थक इथेच थांबतात. पण पुढेही ऐका : प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितलं तेव्हा त्यातले साधारण निम्मे लोक ऑफिसात परतले. एकटेपणा त्यांना सोसवला नाही.

तुमच्या बाजूचा चेन्नईचा प्रयोग आहे. डेटा एंट्रीसाठी घेतलेल्या लोकांना कोणाच्याही मर्जीशिवाय, नशिबावर सोडून, काहींना घरी आणि काहींना ऑफिसात बसवलं. घरी बसलेल्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्याच दिवशी दिसली. आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीच्या १०,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यातही करोनाकाळात घरी गेल्यावर कामाचे तास वाढले आणि काम मात्र वाढलं नाही. तासामागची उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली. का? मीटिंगा वाढल्या आणि सलग, न तुटता काम करायचा वेळ उरला नाही. हे वाचताना मला आपल्याच कॅलेंडरची आठवण झाली, आणि ते कॅलेंडर ऑफिसात आल्यावर जराही हलकं होत नाही.

शेवटचा अभ्यास मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो. त्याच शांघायच्या कंपनीत, तोपर्यंत तिचं नाव ट्रिप डॉट कॉम झालं होतं, २०२१-२२ मध्ये १,६१२ जणांवर पुन्हा प्रयोग झाला. या वेळी कॉल सेंटर नव्हतं. इंजिनिअर, मार्केटिंग, फायनान्सचे पदवीधर होते. अर्ध्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा. २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष आले : पुढच्या दोन वर्षांच्या अप्रेझलमध्ये आणि बढत्यांमध्ये दोन गटांत फरक दिसला नाही, आणि मुभा असलेल्यांत राजीनामे एक तृतीयांशाने घटले. गंमत मॅनेजरांची. प्रयोगाआधी त्यांचा सरासरी अंदाज होता की उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर तेच म्हणू लागले की ती १ टक्क्याने वाढली. डोळ्यांसमोर घडताना पाहिलं तेव्हाच त्यांचा विश्वास बसला.

या सगळ्याचा मला लागलेला अर्थ साधा आहे. काम कोणतं, माणूस कोण, घर कसं, आठवड्यातले किती दिवस, यावर उत्तर बदलतं. मग अकाउंट्सपासून डिझाइनपर्यंत सगळ्यांना एकाच मापाने मोजणारा आदेश कशाच्या जोरावर निघाला? तुमच्या मेलमध्ये परदेशातल्या दोन मोठ्या कंपन्यांची नावं आहेत, 'त्यांनीही बोलावलं' म्हणून. आपल्या कंपनीचा एकही आकडा नाही. गेल्या काही वर्षांतली तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या अडचणी, किती वेळात सुटली, सॉफ्टवेअरच्या किती रिलीज लांबल्या, ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या की घटल्या, हे सगळं तुमच्याच डॅशबोर्डवर पडून आहे. त्यात घरच्या दिवसांचं काम घसरलेलं दिसत असेल तर ते दाखवा. मी माझ्या टीमला स्वतः समजावीन, कोणालाही तोंडावर पुरावा असताना हुज्जत घालायची हौस नसते.

तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा तुम्ही मांडलाच नाहीत, तो मीच मांडते : नव्याने लागलेल्या मुलांचं शिकणं. माझ्या टीममध्ये एक नवी मुलगी आली. घरून काम करताना अडली की ती चॅटवर प्रश्न टाइप करायची, पुसायची, पुन्हा टाइप करायची. मला पलीकडे ते 'लिहीत आहे' असं दिसायचं आणि मग काहीच यायचं नाही. 'एवढं साधं विचारलं तर काय म्हणतील' या भीतीत अर्धा अर्धा दिवस जायचा. मग एकदा आम्ही ठरवून सगळे एका ऑफिसात जमलो. ती स्क्रीनकडे बघत गप्प बसलीय हे आमच्या सीनिअरने न सांगता ओळखलं, खुर्ची ओढली आणि शेजारी बसला. उत्तर त्याने सांगितलं नाही. आधी काल कोणी काय बदललं ते उघडलं, मग लॉगमधली, म्हणजे सिस्टमच्या नोंदींतली, वेळ जुळवली, मग तिलाच विचारलं, 'आता सांग, कुठे बघशील?' कसं बघायचं हे ती त्या अर्ध्या तासात शिकली. मी कितीही ट्रेनिंगचे व्हिडिओ पाठवले असते तरी ते आलं नसतं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर झालेला अभ्यासही हेच सांगतो. ज्यांची पूर्ण टीम एका इमारतीत बसायची त्यांना आपल्या कोडवर सहकाऱ्यांकडून जास्त सूचना मिळायच्या, आणि याचा फायदा नवख्यांना सगळ्यात जास्त व्हायचा. २०२० मध्ये सगळेच घरी गेले आणि हा फरक जवळजवळ मिटला. पण त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी तुम्ही वाचाव्यात असं मला वाटतं. एक, टीममधला एक जरी माणूस दुसऱ्या इमारतीत असला तरी जवळ बसणाऱ्यांचंही एकमेकांना सांगणं-सुधारणं कमी होतं, कारण सगळंच बोलणं ऑनलाइन सरकतं. दोन, शिकवणाऱ्या सीनिअरांचं स्वतःचं काम घटतं. तो वेळ कुठून तरी यायचाच.

आता हे आपल्या आदेशाला लावून बघा. नवी मुलगी इथल्या ऑफिसात येणार, तिला शिकवणारा त्याच्या शहरातल्या ऑफिसात जाणार. दोघांच्या नावापुढे हजेरीची हिरवी खूण, शिकणं होतं तिथेच. आणि ज्या सीनिअरने तिच्यासाठी अर्धा तास घालवला त्याच्या अप्रेझलमध्ये त्या अर्ध्या तासाला रकानाच नाही. नव्या मुलांची तुम्हाला काळजी असेल तर महिन्यातून तीन-चार दिवस पूर्ण टीम एका जागी आणा, प्रवासाचा खर्च द्या आणि शिकवण्याला अप्रेझलमध्ये वजन द्या. पाच दिवसांच्या स्वाइपपेक्षा हे स्वस्त पडेल, असा माझा अंदाज आहे. तुमच्याकडे हिशेब करणारी माणसं आहेत, त्यांना विचारून बघा.

टीमबाहेरच्या ओळखींचंही तसंच. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतल्या संपर्काच्या नोंदी तपासल्या. सगळे घरी गेल्यावर गट आपल्याआपल्यात मिटत गेले आणि गटागटांमधले पूल कमी झाले. हे नुकसान खरं आहे, मीही अनुभवते. पण विक्रीच्या मधोमध हेडफोन लावून बसवल्याने माझ्या माणसाचा विक्रीशी पूल बांधला जात नाही. दोन विभागांना एका प्रश्नावर एका खोलीत दोन दिवस बसवलं तर जातो.

आता संस्कृती. माझ्या टीममध्ये आळीपाळीने ऑन-कॉल ड्यूटी असते. रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन वाजतो, माणूस अंथरुणातून उठून लॅपटॉप उघडतो आणि पहाटेपर्यंत घरातल्या कोपऱ्यात बसून काम निस्तरतो. अशा वेळी 'आधी ऑफिसात जा, स्वाइप कर, मग सुरू कर' असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. उलट सकाळी वरून शाबासकीचा मेल येतो. म्हणजे रात्री दोनला घरून केलेलं काम ही निष्ठा, आणि दुपारी दोनला घरून केलेलं काम हा संशय. परदेशातल्या ग्राहकांच्या सोयीने रात्री दहाला लागणारे कॉलही घरूनच होतात. रोज ९ तास आत बसल्यावर तो कॉल दहावा तास असणार. तो मोजणार आहात का? मेलमध्ये त्याबद्दल अक्षरही नाही. पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदाच केला, की कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याशी संपर्क साधायचा नाही, अगदीच आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही तेवढंही मागत नाही. घर ऑफिस म्हणून चालतं की नाही, हे एकदा ठरवा. मग घड्याळाचे चोवीसही तास तेच धरा.

प्रवासाचंही थोडक्यात सांगते. २७ देशांतल्या पाहणीत असं आढळलं, की घरून कामाच्या दिवशी माणसाचा सरासरी ७२ मिनिटं प्रवास वाचतो, आणि त्यातला सुमारे ४० टक्के वेळ तो पुन्हा कामालाच देतो. हा वेळ कंपनीला न मागता मिळत होता. पुढच्या महिन्यापासून तो गाडीत, ट्रेनमध्ये, रांगेत जाईल. माझ्या टीममधल्या एकाने मला शांतपणे सांगितलं, 'मॅडम, मग मी सहाला निघणार म्हणजे सहालाच निघणार.' त्याच्यावर रागवायला माझ्याकडे तोंड नाही.

आणि मॅनेजरांना दर सोमवारी येणारा तो हजेरीचा रिपोर्ट! लाल, पिवळा, हिरवा. सहकाऱ्याचा आतला वेळ ८ तास ४० मिनिटं भरला की नावापुढे पिवळा गोळा येतो आणि मला त्याचं कारण विचारून रकान्यात भरावं लागतं. पहाटेपर्यंत सर्व्हर निस्तरलेला माणूस दुसऱ्या दिवशी उशिरा आला, तो पिवळा. दिवसभर खुर्ची गरम करून गेलेला हिरवा. असा रिपोर्ट लोकांना काय शिकवतो? येऊन स्वाइप करायचं, कॉफी घ्यायची, चार जणांना दिसायचं आणि निघायचं, याला जगभर आता 'कॉफी बॅजिंग' असं नावच पडलंय. तुम्ही त्यावर उपाय म्हणून ९ तासांची अट घातलीत. लोक त्यावरही उपाय शोधतील, ९ तास भरतील. त्या ९ तासांत काय झालं हे विचारणारा रकाना मात्र रिपोर्टमध्ये नाही. टीममधलं कोण काम करतंय आणि कोण टाळतंय हे मला स्वाइपशिवाय माहीत आहे. ते माहीत असणं हेच माझं काम आहे. टाळणाऱ्या एका-दोघांशी बोलायची जबाबदारी माझ्यावर टाका, मी घेईन. त्यांच्यासाठी बाकी सगळ्यांना रांगेत उभं करू नका.

मायक्रोसॉफ्टच्याच २०२२ च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले की आम्ही नीट काम करतोय, आणि ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले की हायब्रीडमुळे, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून चालणाऱ्या कामामुळे, याची खात्री वाटणं अवघड झालंय. ही खात्री वरिष्ठांना कशाने मिळेल हा खरा प्रश्न आहे. ती कामाच्या निकालातून मिळायला हवी. भरलेली खुर्ची पाहून मिळते ती खात्री स्वस्त आहे, पण फसवी.

राजीनाम्यांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण कॉरिडॉरमध्ये हेच चाललंय : 'यांना माणसं कमी करायचीत, पण काढायची नाहीत, म्हणून हा खटाटोप.' हे खरं आहे की नाही मला माहीत नाही. खरं असेल तर हिशेब चुकतोय. अशा आदेशाने जायचं कोणी हे कंपनी ठरवत नाही, जाणारा ठरवतो. आणि ज्याला उद्या दुसरी नोकरी मिळू शकते तोच आधी जातो. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उमेदवार घरून कामाच्या सोयीसाठी सरासरी ८ टक्के कमी पगार घ्यायला तयार होते. त्याच हिशेबाने ही सोय काढून घेणं म्हणजे पगारकपात, फक्त पगारपत्रकात न दिसणारी. माझ्या टीममधल्या दोघांच्या नियुक्तीपत्रात तर 'कामाचं ठिकाण : दूरस्थ' असं छापलेलं आहे. त्यांनी त्या ओळीवर भरवसा ठेवून घरं बदलली. त्यांना मी काय सांगू?

ऑफिस हवं असणारेही आमच्यात आहेत, आणि त्यांची बाजू घरून कामाचे समर्थक सोयीस्कर विसरतात. एका खोलीत चार माणसं राहत असली की कॉल घ्यायला बाथरूमही कमी पडते. कोणाला घरी कामच सुचत नाही, कोणाला घरापासून दिवसाचे आठ तास सुटका हवी असते. त्यांच्यासाठी ऑफिस रोज उघडं, नीट चालणारं आणि शांत हवं. आज जो गोंगाट आणि जागेची मारामारी आहे ती सगळ्यांना एकदम आत कोंबल्यावर त्यांच्याच मुळावर येणार आहे. आणि हो, आपल्या इमारतीतले सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, सर्व्हर रूमची माणसं कधीच घरी बसू शकली नाहीत. आमचं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे लहान आहे याची जाणीव आहे. त्यांच्या कामाला जागेवर असणं लागतं म्हणून ते जागेवर असतात. आमच्याही बाबतीत तोच निकष लावा, एवढंच.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कर्मचारी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाची वेळ किंवा जागा बदलून मागू शकतो. मालक नाही म्हणू शकतो, पण आधी चर्चा करून, दोन महिन्यांच्या आत, आणि कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक सांगून. मला त्यातली ही कारण सांगायची सक्ती आवडली. तुम्हीही आम्हाला खरं कारण सांगा. इमारतीचा भाडेकरार अजून कित्येक वर्षांचा आहे आणि रिकामे मजले संचालकांना खुपतात, असं असेल तर तसं म्हणा. आम्ही पैशांची अडचण समजू शकतो. 'संस्कृती'च्या आडून ती सांगितली की मग बाकीच्या सगळ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

माझी मागणी अशी आहे. आदेश तीन महिने थांबवा. तोवर प्रत्येक टीमला आपले एकत्र यायचे दिवस ठरवू द्या, आणि त्या दिवशी त्या टीमला शेजारी-शेजारी बसायला जागा आणि दार बंद करता येईल अशी एक खोली मिळेल याची हमी तुम्ही द्या. नव्या माणसांना पहिले सहा महिने जास्त दिवस बोलवायचे असतील तर बोलवा, पण त्यांना शिकवणारेही त्याच दिवशी तिथेच असायला हवेत. आजारी माणूस घरात असलेले, स्वतः अपंग असलेले, करारात दूरस्थ लिहिलेले, यांची सूट मॅनेजरच्या मर्जीवर न सोडता लेखी द्या, म्हणजे माझ्यासारखीला कोणाचं दुःख खरं आणि कोणाचं खोटं हे तोलत बसावं लागणार नाही. स्वाइप अप्रेझलमधून काढा. आणि तीन महिन्यांनी दोन्हीकडचे आकडे एका खोलीत बसून बघू. घरच्या दिवसांनी काम बिघडतंय असं निघालं, तर माझी टीम पाच दिवस येईल आणि त्या मेलवर पहिली सही माझी असेल.

येत्या बुधवारी टाऊन हॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, आहे. मागच्या खेपेला प्रश्न आधी फॉर्ममध्ये मागवले गेले, चॅट बंद होतं, आणि निवडलेल्या चार प्रश्नांपैकी दोन पार्किंगबद्दल होते. या वेळी चॅट चालू ठेवा. टाऊन हॉल ऑनलाइनच आहे हे आमंत्रणात वाचलं. एवढी माणसं एका जागी जमवणं तुम्हालाही जमत नाही, हे आम्ही समजून घेतो.

कळावे,

आपली,
एक टीम लीड